पोर्टापॅक : एच१, एच२+ की एच४एम? जाणकारांनी प्रकाश टाकावा

चिंचवडचा_अँटेना

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे हॅकआरएफ वन आहे, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ (एसडीआर), मूळ कंपनीचाच. आजवर तो लॅपटॉपला जोडून वापरतोय. विमानांचा एअरबँड, आयएसएस (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक), घराजवळच्या ४३३ मेगाहर्ट्झच्या हवामान सेन्सरचे डेटा, असले उद्योग चालू असतात. पण गच्चीवर लॅपटॉप, केबल, हब घेऊन बसायचा आता कंटाळा आलाय. पोर्टापॅक, म्हणजे हॅकआरएफवर बसणारा स्क्रीन-बटणांचा जोडबोर्ड, बसवून सगळं एका हातात मावेल असं करायचं मनात आहे.

समोर तीन वाटा आहेत :

१. एका मित्राकडचा जुना मूळ एच१. तो स्वस्तात देतोय.
२. ऑनलाइन मिळणारा एच२+. नुसता पोर्टापॅक मिळतो किंवा हॅकआरएफसकट संच मिळतो.
३. एच४एमचा पूर्ण संच. हा सगळ्यात महाग पडतोय.

एच४एममध्ये रिसेप्शन किती सुधारलंय? आकडा मोठा म्हणजे रेडिओ चांगला, असं समजायचं का? बाकी एच२ आणि एच२+ यांत नक्की काय फरक आहे, हेही कोणी धड सांगत नाही. प्रत्येक विक्रेत्याचं वर्णन वेगळं.

---

व्हीयू_काका

उत्तर द्यायच्या आधी एक विचारतो. फक्त ऐकायचं आहे की पाठवायचंही आहे? आणि परवाना आहे का? या दोन गोष्टी कळल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही.

---

चिंचवडचा_अँटेना

काका, सध्या फक्त ऐकणं. हौशी रेडिओच्या (हॅम) रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेचा अर्ज भरलाय. परवाना हातात आल्याशिवाय ट्रान्समिटच्या बटणाला बोट लावणार नाही, वचन.

---

सोल्डरवाली

सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो आणि उत्तरं अर्धवट राहतात.

पहिली गोष्ट : पोर्टापॅकला स्वतःचा मेंदू नाही. स्क्रीन, बटणं, ऑडिओ कोडेक (आवाजाची चिप), एसडी कार्डाची खाच, घड्याळाची छोटी बॅटरी आणि हे सगळं एका बसवर सांभाळणारी सीपीएलडी चिप, एवढाच त्याचा संसार. फर्मवेअर (यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर) चालतं ते खालच्या हॅकआरएफमधल्या एलपीसी४३२० या प्रोसेसरवर. त्यात दोन कोअर आहेत. कॉर्टेक्स-एम४ सिग्नलचं गणित करतो, एम० स्क्रीन आणि बटणं बघतो. रॅम २०० केबी, फ्लॅश १ एमबी. एच१ लावा नाहीतर एच४एम लावा, यातलं काहीही बदलत नाही.

रेडिओचा भागही हॅकआरएफमध्येच आहे. १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, ८ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं खालच्या बोर्डवर. त्यामुळे 'एच४एममध्ये रिसेप्शन किती सुधारलं' याचं सरळ उत्तर : पोर्टापॅकमुळे जवळजवळ काहीच नाही. 'जवळजवळ' म्हणाले, कारण दोन बाबतींत पोर्टापॅक रिसेप्शनवर परिणाम करतो. एक, संदर्भ घड्याळ म्हणजे टीसीएक्सओ, तापमानाची चूक स्वतः सावरणारं क्रिस्टल. दोन, बॅटरी-चार्जिंगच्या सर्किटमधून येणारी विद्युत खरखर (नॉइज). त्याबद्दल खाली.

आता आवृत्त्या.

एच१ : जॅरेड बून यांच्या शेअरब्रेन्ड टेक्नॉलॉजीची मूळ रचना. २.४ इंची टचस्क्रीन, फिरवायचं चक्र आणि त्यातच दिशाबटणं, ३.५ मिमी हेडफोन जॅक, डब्ल्यूएम८७३१ कोडेक. मुख्य बॅटरी नाही, स्पीकर नाही. पॉवरबँकवर चालवायचा. रचना खुली ठेवली होती, म्हणूनच पुढची सगळी पिलावळ जन्माला आली.

एच२ : इथून पुढचं नामकरण मूळ कंपनीचं नाही, चिनी बनवणाऱ्यांचं आहे. स्क्रीन ३.२ इंची झाली, लिथियम बॅटरी आणि चार्जिंग आलं, एके४९५१ कोडेक आला. या कोडेकमध्ये स्पीकर चालवायची सोय असते, म्हणून स्पीकर आला. एक गंमत लक्षात घ्या, स्क्रीन मोठी झाली तरी रिझोल्युशन ३२० बाय २४०च राहिलं. अक्षरं मोठी दिसतात, माहिती तेवढीच. माझ्यासारख्या चष्मेवाल्यांना मात्र तो फरक चांगलाच जाणवतो.

एच२+ : हे नाव म्हणजे मोठी गोणी आहे, त्यात काहीही भरलेलं असू शकतं. साधारण अपेक्षा अशी की टीसीएक्सओ बसवलेला असेल आणि पॉवरचा भाग थोडा सुधारलेला असेल. पण बोर्ड उघडून बघेपर्यंत खात्री देता येत नाही.

एच४एम : २०२४ मध्ये आला. मेहेम हे पोर्टापॅकचं खुलं फर्मवेअर सांभाळणाऱ्या मंडळींचं मत विचारात घेऊन केलेली रचना. यूएसबी-सी, आयपीएस स्क्रीन, बॅटरी मोजणारी मॅक्स१७०५५ चिप, अंगचा मायक्रोफोन, बाहेरची मॉड्यूल जोडायला आय-टू-सीचा कनेक्टर आणि नीट चालू-बंद करायचं बटण.

---

अभ्या_हडपसर

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. ताई, दंडवत.

---

बिनतारी_बंड्या

रीलमध्ये पाहिलं की या यंत्राने गाडीचं लॉक उघडतं. एच४एमने सगळ्या गाड्या उघडतात का? का जुनाही चालेल?

---

व्हीयू_काका

बंड्या, जुन्यानेही नाही उघडत आणि नव्यानेही नाही. आजच्या बहुतेक गाड्यांच्या किल्लीत रोलिंग कोड असतो. प्रत्येक दाबाला कोड बदलतो, त्यामुळे रेकॉर्ड केलेला सिग्नल परत वाजवला तरी गाडी ढिम्म हलत नाही. रीलमधला माणूस बहुधा साधा फिक्स्ड कोडचा रिमोट दाखवत असतो, नाहीतर खिशात खरी किल्ली असते. आणि दुसऱ्याची गाडी उघडणं हा उद्योग या धाग्याचा नाही.

आता कायद्याबद्दल एकदाच लिहितो. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून बिनतारी उपकरण नुसतं बाळगणं हासुद्धा परवान्याचा विषय आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृतता लागते अशी तरतूद आहे. हॅकआरएफ पाठवूही शकतो, त्यामुळे त्याच्याकडे साधा ट्रान्झिस्टर म्हणून बघू नका. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम्समध्ये डब्ल्यूपीसीच्या (दूरसंचार खात्याची बिनतारी शाखा) मान्यतेची विचारणा होऊ शकते. परीक्षा द्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्ससुद्धा लागत नाही.

---

कोकणकिनारा

रत्नागिरीहून लिहितोय. माझ्याकडे एच२+ आहे आणि माझं मुख्य काम एआयएस, म्हणजे जहाजं आपलं नाव-ठिकाण प्रसारित करतात ते ऐकणं. मेहेममध्ये त्याचं अ‍ॅप आहे, १६१.९७५ किंवा १६२.०२५ मेगाहर्ट्झ निवडायचं आणि बसायचं. खालून जाणारी मालवाहू जहाजं नावासकट दिसतात. मच्छीमारांच्या लहान होड्या फारशा दिसत नाहीत, कारण एआयएसची आंतरराष्ट्रीय सक्ती ३०० ग्रॉस टनांपासूनच्या जहाजांना आहे.

सोल्डरवाली ताईंच्या लिखाणात एका गोष्टीची भर घालतो. किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता एच२+ची स्क्रीन वाचणं म्हणजे शिक्षा आहे. हाताचा आडोसा करून, मान वाकडी करून बघावं लागतं. मित्राचा एच४एम शेजारी धरला तेव्हा आयपीएस म्हणजे काय ते कळलं. तिरकं पाहिलं तरी रंग उलटेपालटे होत नाहीत. बाहेर वापरणाऱ्याने स्क्रीनला कमी लेखू नये.

---

सोल्डरवाली

कोकणकिनारा, बरोबर. मी घरातली प्राणी, उन्हाचा विचार केला नव्हता.

आता घड्याळाचा मुद्दा. इथे आकडे देते, कारण 'टीसीएक्सओ हवाच' असं सगळे म्हणतात आणि कशासाठी ते कोणी सांगत नाही.

हॅकआरएफच्या स्वतःच्या क्रिस्टलची चूक २० पीपीएमपर्यंत असू शकते. म्हणजे दहा लाखांत वीस. ही चूक फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जाते :

१०० मेगाहर्ट्झला २ किलोहर्ट्झ. एफएम स्टेशन साधारण २०० किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे विविध भारती ऐकताना पत्ताही लागणार नाही.
१४५.८ मेगाहर्ट्झला २.९ किलोहर्ट्झ. आयएसएसचा डॉप्लर (वेगामुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी) सुमारे साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे क्रिस्टलची चूक जवळपास डॉप्लरइतकीच! दोन्ही एकाच दिशेला पडल्या तर आवाज फाटतो.
४३३.९२ ला ८.७ किलोहर्ट्झ. १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनलमध्ये हे म्हणजे शेजारच्या घरात शिरणं झालं.
१०९० ला सुमारे २२ किलोहर्ट्झ. पण विमानांचा एडीएस-बी सिग्नल मेगाहर्ट्झमध्ये रुंद असतो, त्याला काही फरक पडत नाही.

०.५ पीपीएमचा टीसीएक्सओ असेल तर ४३३.९२ ला चूक फक्त २१७ हर्ट्झ. तेव्हा कोणाला काय ऐकायचंय त्यावर सगळं अवलंबून आहे. धागाकर्त्याला अरुंद एफएम आणि आयएसएस दोन्ही हवंय, म्हणून त्याच्यासाठी टीसीएक्सओ महत्त्वाचा.

मूळ एच१ वर टीसीएक्सओ होताच. नंतरच्या नकलांमध्ये खर्च वाचवायला काहींनी ती जागा रिकामी सोडली. 'एच२' या नावाखाली दोन्ही प्रकार फिरतात.

---

अभ्या_हडपसर

ताई, बोर्ड न उघडता कसं कळणार की आतमध्ये टीसीएक्सओ आहे?

---

सोल्डरवाली

मेहेममध्ये वरच्या पट्टीत घड्याळाच्या स्रोताचं चिन्ह असतं. फर्मवेअर आधी बाहेरचं घड्याळ शोधतं, ते नसेल तर पोर्टापॅकचं, तेही नसेल तर हॅकआरएफचं स्वतःचं. रेडिओच्या सेटिंगमध्ये गेलात की कोणतं घड्याळ चालू आहे ते शब्दांत लिहिलेलं दिसतं. तिथे 'पोर्टापॅक' दिसलं तर टीसीएक्सओ आहे. 'हॅकआरएफ' दिसलं तर नाही, किंवा आहे पण जोडणी नीट बसलेली नाही.

नसला तरी रडायची गरज नाही. तिथेच पीपीएम दुरुस्ती भरता येते. मोजायला लॅपटॉपवर कॅलिब्रेट-हॅकआरएफ चालवा. तो टूजीच्या टॉवरवरून चूक काढतो. टॉवरची फ्रिक्वेन्सी ०.०५ पीपीएमच्या आत ठेवणं जीएसएमच्या मानकानुसार बंधनकारक असतं, त्यामुळे फुकटात उत्तम मापदंड मिळतो. यंत्र पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग मोजा. थंड क्रिस्टल आणि तापलेलं क्रिस्टल वेगळं उत्तर देतं, आणि दुरुस्तीचा आकडा एकच असल्यामुळे तो नेहमी थोडा इकडेतिकडे राहणार. टीसीएक्सओ तापमानाची ही कटकट स्वतः सांभाळतो, पैसे त्याचेच असतात.

---

गोरेगाव_लोकल

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. टीसीएक्सओची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. रोजच्या वापरात जीव खाते ती पॉवर.

एच२च्या बऱ्याच बोर्डांवर आयपी५३०६ नावाची चिप असते. ही मुळात पॉवरबँकची चिप. एकदा दाबलं की चालू, पटापट दोनदा दाबलं की बंद. माहीत नसलं तर माणूस बटण धरून बसतो आणि यंत्र काही केल्या बंद होत नाही! बॅगेत रात्रभर चालू राहून सकाळी बॅटरी मेलेली. शिवाय ही चिप फर्मवेअरला बॅटरी किती उरली ते सांगत नाही, चार दिवे बघून अंदाज बांधायचा. एच४एममध्ये टक्के थेट स्क्रीनवर दिसतात. ज्याला फिरत फिरत वापरायचंय त्याच्यासाठी एवढ्या एका कारणावर एच४एम घ्यावा असं मी म्हणेन.

दुसरं म्हणजे, चार्जिंगला लावून ऐकू नका. स्वस्त चार्जरची स्विचिंगची खरखर वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणारा सरकता आलेख) उभ्या रेघांसारखी उगवते. १० मेगाहर्ट्झच्या खाली तर फारच. मुंबईचं १०४४ किलोहर्ट्झ लावलं होतं, चार्जर काढल्यावर कुठे आकाशवाणी ऐकू आली. आवृत्ती कुठलीही असो, बॅटरीवर ऐका.

---

व्हीयू_काका

आता कोणी पुण्याचं आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ लावायला जाईल, त्यांच्यासाठी : हॅकआरएफची अधिकृत सीमा १ मेगाहर्ट्झपासून सुरू होते. खाली ट्यून होतो, पण संवेदनशीलता घसरते. मिडियम वेव्हसाठी घरातला जुना ट्रान्झिस्टर याच्यापेक्षा सरस आहे. प्रत्येक कामाला एसडीआर नको.

---

चिंचवडचा_अँटेना

एवढी माहिती एका दिवसात! सगळ्यांचे आभार.

गोरेगाव_लोकल, एच४एमची बॅटरी साधारण किती तास जाते?

---

गोरेगाव_लोकल

हिशोब करू. विक्रेते २५०० एमएएच लिहितात. ३.७ व्होल्टने गुणलं की सव्वानऊ वॉट-तास. ऐकताना संच अंदाजे अडीच वॉट खातो असं धरा, वर व्होल्टेज चढवताना थोडं वाया जाणार. तीन तास धरून चाला, जास्त मिळाले तर आनंद. स्क्रीन बंद ठेवायची सवय लावली तर वाढतात. स्पीकरऐवजी हेडफोन लावला तर शेजारीही आशीर्वाद देतात.

---

सोल्डरवाली

पॉवरबद्दल सहमत. 'टीसीएक्सओची चर्चा जास्त होते' याबद्दल असहमत, पण ते राहू दे, ज्याचा त्याचा छंद.

लोक विसरतात तो मुद्दा आता. संच घेताना तुम्ही पोर्टापॅकबरोबर हॅकआरएफची नक्कलही घेत असता, आणि रेडिओ तिथे आहे. धागाकर्त्याकडे मूळ हॅकआरएफ आहे, म्हणजे ९० टक्के महत्त्वाची गोष्ट आधीच घरात आहे. ती बाजूला ठेवून 'एच४एमचा संच' घेणं म्हणजे चांगला रेडिओ कपाटात टाकून स्क्रीनसाठी दुसरा रेडिओ विकत घेणं.

हॅकआरएफच्याही आवृत्त्या आहेत बरं का. मायकेल ऑसमन यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर आणला तेव्हापासून रचना बदलत आली. आर९ मध्ये चिप-टंचाईमुळे मॅक्स२८३७ च्या जागी मॅक्स२८३९ आली. जुनं फर्मवेअर आर९ वर चालत नाही, नवं दोन्ही ओळखतं. नकला करणारे यातली कुठलीही रचना उचलतात.

आणि पुढचा अ‍ॅम्प्लिफायर! हॅकआरएफची कमाल इनपुट मर्यादा उणे ५ डीबीएम. शेजारी कोणी वॉकीटॉकी दाबली किंवा अँटेनातून स्थिर वीज उतरली की तो बिचारा मरतो. मग लोक म्हणतात 'एच२ बहिरा आहे'. एच२ बहिरा नसतो, खालच्या बोर्डचा कान गेलेला असतो. वापरलेला संच घेताना अ‍ॅम्प चालू-बंद करून बघा. चालू केल्यावर सिग्नल ११ डीबीच्या आसपास चढायला हवा. उलट पडला तर अ‍ॅम्प गेलाय असं समजा.

---

कोकणकिनारा

ताई, शहरवाल्यांसाठी एफएम फिल्टरचंही लिहा ना.

---

सोल्डरवाली

हो. हॅकआरएफच्या तोंडाशी कुठलाही निवडक फिल्टर नाही. शहरातल्या एफएम स्टेशनांचा मारा सरळ आत येतो आणि ८ बिटच्या एडीसीला दाबून टाकतो. मग ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या एअरबँडमध्ये वैमानिकाच्या मागे गाणी ऐकू येतात. ८८ ते १०८ अडवणारा छोटा नॉच फिल्टर लावा. एच१ चा एच४एम केल्याने जेवढी सुधारणा होणार नाही, तेवढी या फिल्टरने होते. किंमत त्याच्या मानाने किरकोळ.

---

अभ्या_हडपसर

माझा एक प्रश्न. मी मागे घेतलेला एच२+ नवं फर्मवेअर टाकल्यावर पांढरी स्क्रीन दाखवतोय. विक्रेता फोन उचलत नाही. मेला का?

---

गोरेगाव_लोकल

बहुधा नाही. मूळ रचनेत आल्टेराची मॅक्स-५ सीपीएलडी होती. टंचाईच्या काळात काही बनवणाऱ्यांनी एजीएमची चिप बसवली. स्क्रीनकडे जाणारा सगळा कारभार त्या चिपमधून होतो, त्यामुळे फर्मवेअरने चिप चुकीची ओळखली की स्क्रीन पांढरी किंवा काळी राहते. रेडिओ आत जिवंत असतो.

आधी कुठलं फर्मवेअर टाकलं ते बघ. जुनी हॅव्हॉक (मेहेमच्या आधीचं फर्मवेअर) किंवा मूळ शेअरब्रेन्डची फाइल असेल तर ती काढ. मेहेमची ताजी स्थिर आवृत्ती लॅपटॉपवरून हॅकआरएफ-स्पायफ्लॅश या आज्ञेने टाक. तरी नाही आलं तर पॉवर देताना दिशाबटण दाबून धर. कुठल्या बटणाने कुठला हार्डवेअर प्रकार सक्तीने निवडला जातो ते मेहेमच्या विकीवर दिलंय. अगदीच काही नाही तर हॅकआरएफवरचं डीएफयू (फर्मवेअर नव्याने भरायचं) बटण धरून चालू कर, तिथून हॅकआरएफ नेहमी परत येतो. आजवर सॉफ्टवेअरने कायमचा मेलेला हॅकआरएफ माझ्या पाहण्यात नाही.

---

अभ्या_हडपसर

आली! स्क्रीन आली! हॅव्हॉकच होतं, जुन्या व्हिडिओत बघून टाकलेलं. पण आता अर्धी अ‍ॅप्स दिसतच नाहीत.

---

गोरेगाव_लोकल

एसडी कार्डावरच्या फाइल जुन्या असणार. ताईंनी वर लिहिलंय तसं फ्लॅश फक्त १ एमबी. सगळी अ‍ॅप्स त्यात मावत नाहीत, म्हणून बरीचशी कार्डावर ठेवली आहेत. ती फर्मवेअरच्या त्याच आवृत्तीची लागतात, नाहीतर चालत नाहीत. प्रत्येक आवृत्तीबरोबर 'कॉपी टू एसडीकार्ड' नावाची झिप येते, ती पूर्ण उलगडून कार्डावर टाक. दर अपडेटला हे करायचंच.

हे एच१ पासून एच४एमपर्यंत सगळ्यांना लागू आहे. माझ्या मते 'जुना एच१ आता निकामी झाला' असं न होण्याचं श्रेय मेहेमवाल्यांना जातं. इतक्या वर्षांनंतरही एकच फर्मवेअर सगळ्यांवर चालतं.

---

व्हीयू_काका

कार्ड चांगलं घ्या, हेही सांगतो. ५०० किलोहर्ट्झ रुंदीचं रेकॉर्डिंग सी१६ (१६ बिटच्या नमुन्यांची फाइल) मध्ये केलं तर सेकंदाला २ एमबी, मिनिटाला १२० एमबी. कार्ड मंद असलं की नमुने गळतात आणि नंतर डिकोड करताना डोकं धरून बसावं लागतं.

---

बिनतारी_बंड्या

काका, एडीसी ८ बिटचा आहे असं ताई म्हणाल्या. मग सी१६ मध्ये १६ बिट कशाला भरायचे? सी८ मध्ये अर्धी जागा लागेल की.

---

सोल्डरवाली

बंड्या, गाडीच्या किल्लीपेक्षा हा प्रश्न फार चांगला आहे.

आत एडीसी वेगाने नमुने घेतो, मग फर्मवेअर त्यांची सरासरी काढत काढत रुंदी कमी करतं. या प्रक्रियेत ८ बिटच्या खालचा बारीक तपशील मिळतो. नमुन्यांचा दर चौपटीने कमी केला की साधारण एक बिट जास्त मिळतो. म्हणून अरुंद रेकॉर्डिंगमध्ये सी१६ वापरलं तर अशक्त सिग्नल वाचतो. दणदणीत सिग्नल असेल, जवळचा रिमोट वगैरे, तर सी८ पुरे.

---

कोकणकिनारा

हॅकआरएफ प्रो आलाय त्याचं काय? त्याच्यासाठी थांबावं का?

---

सोल्डरवाली

२०२५ मध्ये जाहीर झाला. १०० किलोहर्ट्झपासून सुरू, टीसीएक्सओ अंगचाच, यूएसबी-सी, सीपीएलडीच्या जागी एफपीजीए, आलेखाच्या मध्यावर उगवणारी डीसीची खोटी खुंटी गेली. म्हणजे टीसीएक्सओसाठी पोर्टापॅककडे बघायची गरजच संपली. पण धागाकर्त्याकडे चालू मूळ हॅकआरएफ आहे, त्याने आज गच्चीवर जायचं सोडून थांबायचं कारण मला दिसत नाही.

---

व्हीयू_काका

माझा कौल : मित्राचा एच१ घे. तुझ्याकडे मूळ हॅकआरएफ आहे, एच१ वर टीसीएक्सओ आहे, गच्चीवर पॉवरबँक नेणं काही कठीण नाही. स्पीकर नाही तर हेडफोन लाव, एअरबँड तसाही हेडफोनवर जास्त स्पष्ट ऐकू येतो.

---

गोरेगाव_लोकल

मी एच४एमच्या बाजूने, पण नुसता पोर्टापॅक घे, संच नको. मूळ हॅकआरएफवर बसतो का हे मात्र विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून लेखी विचारून घे. केसचं माप वेगळं पडू शकतं.

---

सोल्डरवाली

काकांशी सहमत, एक सूचना जोडते. मूळ हॅकआरएफची प्लास्टिकची केस उघडताना खटके तुटतात. घाई करू नको, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने फिरव, स्क्रूड्रायव्हर घालू नको. एक-दोन खटके तुटले तरी काळजी नाही, एच१ बसवल्यावर ती केस लागतच नाही, वेगळी लागते. आणि तीन ओळींच्या पिना सरळ रेषेत आहेत ना ते बघूनच दाब. एक ओळ सरकून बसली तर पॉवर चुकीच्या जागी जाते.

---

चिंचवडचा_अँटेना

मंडळी, एच१ घेतला. केस उघडली, दोन खटके शहीद. पिना नीट बसल्या, मेहेम टाकलं, कार्ड भरलं, वरच्या पट्टीत घड्याळ 'पोर्टापॅक' दाखवतंय. कॅलिब्रेटने मोजलं तर चूक १ पीपीएमच्या आत आली. नॉच फिल्टर मागवलाय.

पण प्रत्येक वेळी बंद करून चालू केलं की तारीख मागे जाते आणि टचस्क्रीनचं कॅलिब्रेशनही उडतं. फर्मवेअरचा दोष आहे का?

---

सोल्डरवाली

नाही, आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपलीय. जुन्या एच१ मध्ये होणारच. मेहेम आपली सेटिंग त्या बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या छोट्या मेमरीत ठेवतं, म्हणून तारखेबरोबर सगळंच उडतं. बॅटरी बदल. तोपर्यंत सेटिंगमध्ये पी-मेमरीचा पर्याय आहे, तिथून सगळं एसडी कार्डावर साठवता येतं आणि चालू करताना परत उचलता येतं. तारीख मात्र हाताने घालावी लागेल. उपग्रहांच्या वेळा बघणार असशील तर ते विसरू नको.

---

चिंचवडचा_अँटेना

बॅटरीच होती. बदलली, आता सगळं जागेवर राहतंय. धन्यवाद ताई. अभ्या, तुझं काय झालं, अ‍ॅप्स दिसली का?

---

अभ्या_हडपसर

दिसली. आता स्पीकरमधून आवाजच येत नाही, पण ते वरच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर बोट पडल्यामुळे म्यूट झालं होतं असं आत्ताच कळलं. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून ठेवतो.